पक्की मांड : विष्णुपंत छत्रे

सारंगखेड्याची यात्रा पाहिलेल्या खानदेशी माणसाला घोड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या या बाजारात दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. घेणारा दात पाहतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो आणि शेवटी म्हणतो, की आता चालवून दाखवा. मग जाणत्यांची नजर घोड्याइतकीच वर बसणाऱ्याच्या मांडीवर जाते. घोड्याच्या पाठीवरची बसण्याची ठेवण आणि पकड, तिला आपल्या भाषेत ‘मांड’ असा नेमका शब्द आहे. या मांडीला ज्यांनी विद्येचा मान दिला आणि तिच्या बळावर हिंदी माणसाची पहिली सर्कस उभी केली, ते विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. सर्कशीचे जनक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. पण त्याआधी ते अश्वशिक्षक होते, हे मात्र आपण विसरतो.

विष्णुपंतांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, आजच्या सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या अंकलखोप या गावी झाला. पेशवाई १८१८ साली बुडाली होती. मराठ्यांच्या घोड्यांनी ज्या मोहिमा गाजवल्या, त्या आता आठवणीपुरत्या उरल्या होत्या. संस्थानिकांच्या पागा तेवढ्या शिल्लक होत्या आणि त्या पागांत चाबुकस्वार नावाचा जाणता माणूस असे. अवखळ शिंगराला लगामाची सवय लावणे, त्याची चाल सुधारणे आणि स्वाराला बसायला शिकवणे ही त्याची कामे. विष्णुपंतांना दोन वेडे होती : एक घोड्याचे आणि दुसरे गाण्याचे. या दोन्ही वेडांनी त्यांना ग्वाल्हेरला नेले.

ग्वाल्हेरला त्यांना घोड्याच्या विद्येत बाबासाहेब आपटे हे गुरू लाभले. आपटे म्हणजे सामान्य असामी नव्हे! सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या गोडसे भटजींनी आपल्या प्रवासवर्णनात अश्वपरीक्षेत नामांकित अशा तीन व्यक्ती सांगितल्या आहेत : नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई. यांपैकी नानासाहेब परागंदा झाले, राणी १८५८ साली ग्वाल्हेरच्या रणात पडल्या. उरलेल्या तिसऱ्या माणसाकडची विद्या विष्णुपंतांच्या ओंजळीत आली.

ही विद्या म्हणजे नेमके काय? नवखा माणूस घोड्यावर बसला की भीतीने पुढे वाकतो, गुडघे आवळतो, टाचा वर उचलतो आणि लगामाला लोंबकळतो. परिणाम उलटाच होतो. आवळलेले गुडघे त्याला खोगिरावरून वर ढकलतात. ओढलेला लगाम घोड्याच्या तोंडात रुततो आणि घोडा बिथरतो. म्हणून स्वारी शिकवण्याची एक जुनी रीत अशी, की नवख्याच्या हातातला लगाम आणि पायातली रिकीब काढून घ्यायची आणि घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवायचे. धरायला काही नसले म्हणजे शरीर आपोआप तोल शोधू लागते. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावी. टाच खाली, नजर समोर. पाठ ताठ, पण कंबर सैल. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत हात आणि लगाम यांची एक सरळ रेषा असावी. इंग्रजी पद्धतीच्या स्वारीतही आज हेच सांगतात. घोड्याची दुडकी दोन ठोक्यांची, त्यापुढची मध्यम धाव तीन ठोक्यांची आणि चौखूर धाव चार ठोक्यांची असते. स्वाराची कंबर त्या त्या ठोक्यावर आली पाहिजे. ग्वाल्हेरलाच हद्दूखाँसाहेबांकडे गाण्याची तालीम घेतलेल्या विष्णुपंतांना हा ताल परका वाटला नसणार.

पुढे ते कुरुंदवाड संस्थानच्या पागेत आले. १८८० च्या सुमारास इटलीच्या जुसेप्पे चिआरिनीची सर्कस मुंबईत आली होती. तो खेळ पाहायला कुरुंदवाडकरांबरोबर विष्णुपंतही गेले. हिंदी लोकांना असा खेळ जमायला अजून पुष्कळ काळ लागेल, असे चिआरिनी बोलला आणि विष्णुपंतांनी ते आव्हान स्वीकारले, अशी कथा सांगतात. पैजेचे तपशील निरनिराळे ऐकू येतात. पण आव्हान पेलण्याइतकी तयारी या माणसाजवळ होती, हे नि:संशय. कारण आधुनिक सर्कस जन्मली तीच मुळी घोडेस्वारीच्या शाळेतून! फिलिप अ‍ॅस्टले या इंग्रज घोडदळातल्या शिपायाने १७६८ साली लंडनमध्ये स्वारीची शाळा काढली. सकाळी तो शिकवी, दुपारी खेळ दाखवी. सर्कशीचे रिंगण ४२ फूट व्यासाचे ठरले तेही घोड्यासाठीच. एवढ्या वर्तुळात घोडा धावू लागला की तो आत झुकतो. त्याच्या पाठीवर उभा राहिलेला स्वारही आत झुकतो आणि बाहेर फेकू पाहणाऱ्या ओढीशी त्याचा तोल बरोबर जुळतो. लोकांना तो चमत्कार वाटला, तरी मांडीचे मर्म जाणणाऱ्या विष्णुपंतांना त्यामागचा हिशेब दिसला असणार.

त्यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. हिंदी मालक, हिंदी कसरतपटू आणि रिंगणात स्वत: विष्णुपंतांच्या घोड्यांची कामे! हा तंबू देशभर हिंडला, समुद्रापलीकडेही गेला. केरळात तेल्लीचेरीला त्यांची गाठ कीलेरी कुञ्ञिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. त्यांनी मुले तयार करावी आणि सर्कशीने त्यांना काम द्यावे, असे ठरले. पुढे देशातल्या अनेक सर्कशींचे कलावंत त्याच मातीतून आले. चाबुकस्वाराचा एक शिष्य अशा रीतीने एका नव्या धंद्याचा मूळपुरुष ठरला.

विष्णुपंतांच्या चरित्रातले एक पान फार हृद्य आहे. हद्दूखाँसाहेबांचे पुत्र रहिमतखाँ हे अलौकिक गवई. पण मनाचा तोल ढळल्याने त्यांची दैना झाली होती. विष्णुपंतांनी आपल्या गुरुपुत्राला शोधून सर्कशीबरोबर घेतले, सांभाळले आणि पुन्हा लोकांपुढे गायला बसवले. विष्णुपंत गेले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. सर्कस त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी पुढे चालवली. खाँसाहेबांचाही सांभाळ शेवटपर्यंत झाला. १९२२ साली त्यांनी कुरुंदवाडलाच देह ठेवला.

येथे एक गोष्ट मनाला लागते. रहिमतखाँचा आवाज ध्वनिमुद्रिकांत उरला आहे. विष्णुपंतांची मांड मात्र कशातच उरलेली नाही. शरीरात मुरलेली विद्या शरीराबरोबर जाते, एखाद्या शिष्याने घेतली तरच राहते. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या आधीच्या पिढ्यांजवळही अशी विद्या होती. तिफणीवर मूठ कशी धरावी, अवखळ गोऱ्ह्याला जोतास कसे लावावे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण जनगणनेच्या कागदावर त्यांच्यापुढे ‘निरक्षर’ एवढाच शब्द पडला. विष्णुपंतांसारखा गुणग्राहक शिष्य भेटला म्हणून आपट्यांची विद्या पागेबाहेर आली. नाहीतर तीही अशीच एका शब्दाखाली झाकली गेली असती.

मित्रहो, आपण पदवी घेऊन घरी जाऊ तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात काय काय आहे, हे विचारून घेण्याची सवड काढली पाहिजे. गुरू ग्वाल्हेरलाच भेटतो असे नाही, तो ओसरीवरही बसलेला असतो.