विश्लेषण : श्रीमंतांचा कर घटला, मग बिल कोणी भरले? अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांची कहाणी

श्रीमंतांवरील कर कमी केले की ते गुंतवणूक वाढवतात, कारखाने निघतात, रोजगार वाढतो आणि लाभ शेवटी सामान्यांपर्यंत झिरपतो, हा युक्तिवाद आज जगभर ऐकू येतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. राबवणारे अर्थमंत्री स्वतः देशातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींपैकी एक होते. अँड्र्यू मेलन यांच्या आयुष्यात करकपातीचे फायदेही दिसतात आणि तिची किंमतही.

कोण होते अँड्र्यू मेलन?

मेलन यांचा जन्म २४ मार्च १८५५ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. वडील थॉमस मेलन लहानपणी आयर्लंडहून अमेरिकेत आले, वकील झाले, पुढे न्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी बँक काढली. अँड्र्यू तरुणपणीच या बँकेत काम करू लागले. १८८२ मध्ये वडिलांनी बँकेची सूत्रे त्यांच्या हाती दिली.

मितभाषी, संकोची स्वभावाच्या मेलन यांचे खरे कौशल्य होते नवा उद्योग हेरण्याचे. ॲल्युमिनियम तयार करण्याची स्वस्त पद्धत शोधणाऱ्या तरुणांना त्यांनी भांडवल दिले आणि त्यातून पुढे ‘अल्कोआ’ ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. टेक्सासमध्ये तेल सापडल्यावर मेलन कुटुंबाच्या पैशातून ‘गल्फ ऑइल’ आकाराला आली. मार्च १९२१ मध्ये ते अर्थमंत्री झाले, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते आणि पिट्सबर्गबाहेर फार थोड्यांना परिचित होते. पुढे हार्डिंग, कूलिज आणि हूव्हर अशा तीन अध्यक्षांच्या हाताखाली त्यांनी जवळपास ११ वर्षे खजिना सांभाळला.

करकपातीमागचा युक्तिवाद काय होता?

पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेने प्राप्तिकर प्रचंड वाढवला होता. मेलन पदावर आले तेव्हा सर्वांत वरच्या टप्प्यातील उत्पन्नावर ७३ टक्के कर होता. एवढा कर कोणी भरतच नाही, असे मेलन यांचे म्हणणे होते. राज्ये आणि नगरपालिकांच्या रोख्यांवरील व्याज करमुक्त असल्याने धनिक आपला पैसा उद्योगांतून काढून या रोख्यांत ठेवत होते. ३ लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न दाखवणाऱ्यांची संख्या १९१६ मध्ये १,२९६ होती, ती १९२१ मध्ये २४६ वर आली. दर कमी केला तर दडलेला पैसा बाहेर येईल आणि सरकारला उलट जास्त कर मिळेल, असे त्यांनी १९२४ मध्ये पुस्तक लिहूनही मांडले.

कपात किती झाली आणि कोणाला?

१९२१, १९२४ आणि १९२६ अशा तीन कायद्यांनी कमाल दर ७३ वरून ५८, मग ४६ आणि अखेर २५ टक्क्यांवर आला. कंपन्यांच्या जादा नफ्यावरील युद्धकालीन कर रद्द झाला. शेअर व मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावर १२.५ टक्क्यांचा सवलतीचा दर लागू झाला. १९२६ मध्ये वारसा कराचा कमाल दर ४० वरून २० टक्क्यांवर आणला गेला आणि भेटवस्तूंवरील कर पूर्णपणे हटवण्यात आला.

खालच्या टप्प्यातील दरही ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आला. टक्केवारीत ही कपात मोठी दिसते. पण हातात काय उरले ते पाहिले तर फरक कळतो. खालच्या टप्प्यातील माणसाकडे पूर्वी प्रत्येक डॉलरमागे ९६ सेंट उरत, ते ९८.५ झाले. वरच्या टप्प्यातील धनिकाकडे २७ सेंट उरत, ते ७५ झाले. १९२६ च्या कपातीत एकट्या मेलन यांना होणारा फायदा नेब्रास्का राज्यातील जवळपास सर्व करदात्यांच्या एकत्रित फायद्यापेक्षा मोठा आहे, असा आरोप त्या राज्याचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी केला होता.

सामान्यांचा काहीच फायदा झाला नाही का?

तसे म्हणता येणार नाही. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढल्याने लाखो मध्यमवर्गीय प्राप्तिकरातून सुटले. १ लाख डॉलरपेक्षा अधिक कमावणाऱ्यांकडून येणारा वाटा एकूण प्राप्तिकराच्या निम्म्यावर गेला. सुमारे २४ अब्ज डॉलरचे राष्ट्रीय कर्ज १९३० पर्यंत १६ अब्जांपर्यंत खाली आले. मोटारी, रेडिओ आणि वीज घरोघरी पोहोचू लागली. मेलन यांचे समर्थक आजही हेच आकडे पुढे करतात.

पण ज्याच्यावर प्राप्तिकरच नव्हता, त्याला कपातीतून थेट काही मिळणार नव्हते. सुमारे १२ कोटी लोकसंख्येच्या देशात दशकाच्या अखेरीस जेमतेम ४० लाख विवरणपत्रे भरली जात होती. शेतकरी तर १९२० नंतर कोसळलेल्या भावांतून सावरलेच नव्हते. सरकारने धान्य विकत घेऊन भाव सावरावेत, अशी विधेयके काँग्रेसने दोनदा मंजूर केली. मेलन यांचा त्यांना विरोध होता आणि अध्यक्ष कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. दुसरीकडे, वरच्या एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा १९२८ पर्यंत वाढून सुमारे २३ ते २४ टक्के झाला.

सैनिकांचा बोनस का अडला?

करकपातीची किंमत सर्वांत आधी कळली ती महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना. ते रणांगणावर असताना मागे राहिलेल्या कामगारांचे पगार वाढले होते. ही तफावत भरून काढण्यासाठी त्यांना बोनस द्यावा, अशी मागणी होती. बोनस दिला तर करकपात करता येणार नाही, अशी मेलन यांची भूमिका होती. हार्डिंग यांनी १९२२ मध्ये विधेयक परत पाठवले. १९२४ मध्ये काँग्रेसने कूलिज यांचा नकाराधिकार झुगारून कायदा केला. देशात सेवा केलेल्या दिवसाला १ डॉलर, परदेशातील दिवसाला सव्वा डॉलर असा हिशेब ठरला. मात्र बहुतेकांच्या हाती रोख रकमेऐवजी १९४५ मध्ये वटणारे प्रमाणपत्र पडले. त्याच वर्षी धनिकांची करकपात मात्र लगेच लागू झाली.

मंदी आल्यावर बिल कोणाकडे गेले?

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. करकपात हे महामंदीचे एकमेव कारण नव्हते. बँकांची दुर्बलता, व्याजदरांचे धोरण, सुवर्णमानक आणि आयात शुल्क अशी अनेक कारणे सांगितली जातात. पण सरकारचा प्राप्तिकर आता मूठभर धनिकांच्या नफ्यावर अवलंबून होता. नफा आटला आणि खजिनाही आटला.

मग मेलन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये कर वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. श्रीमंतांचे दर वाढवण्याबरोबरच करमुक्त मर्यादा खाली आणणे, तंबाखू, मोटारी, रेडिओ, टेलिफोन आणि बँकेचे धनादेश यांवर कर लावणे, असे त्याचे स्वरूप होते. जून १९३२ च्या कायद्याने कमाल दर पुन्हा ६३ टक्क्यांवर नेला. त्याचबरोबर काड्यापेटी, गोळ्या-चॉकलेटे, शीतपेये, पेट्रोल आणि विजेवरही कर बसला. साध्या पत्राचे टपाल २ सेंटवरून ३ सेंट झाले. सरसकट विक्रीकराचा प्रस्ताव मात्र प्रतिनिधीगृहात सदस्यांनी बंड करून हाणून पाडला.

वस्तूंवरचा कर दुकानात सर्वांना सारखाच लागतो. काड्यापेटीवरचा कर कोट्यधीशाला जाणवत नाही, बेरोजगाराला जाणवतो. रूझवेल्ट यांच्या काळात शेतमालावर प्रक्रिया कर आला आणि दारूबंदी उठल्याने मद्यावरील करही वाढला. १९३४ मध्ये केंद्रीय महसुलात अशा उत्पादन शुल्कांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता आणि व्यक्तिगत प्राप्तिकराचा अवघा १४ टक्के. दरम्यान, १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे एक जण बेकार झाला होता.

मेलन यांचे पुढे काय झाले?

जानेवारी १९३२ मध्ये फादर जेम्स कॉक्स यांच्या नेतृत्वाखाली हजारो बेरोजगार मेलन यांच्याच पिट्सबर्गमधून वॉशिंग्टनला धडकले. त्याच महिन्यात टेक्सासचे प्रतिनिधी राइट पॅटमन यांनी मेलन यांच्यावर महाभियोगाची मागणी केली. मंत्रिपदावर असताना खासगी उद्योगांशी संबंध ठेवल्याचा आरोप होता. चौकशी सुरू असतानाच हूव्हर यांनी त्यांना ब्रिटनमध्ये राजदूत म्हणून पाठवले.

ते लंडनमध्ये असताना बोनस आताच द्या म्हणत हजारो माजी सैनिक कुटुंबांसह वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले. २८ जुलै १९३२ रोजी लष्कराने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावले आणि त्यांच्या झोपड्या पेटल्या. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक बळी पडले.

रूझवेल्ट यांच्या सरकारने मेलन यांच्या १९३१ च्या विवरणपत्राची चौकशी लावली. तोट्यात शेअर विकल्याचे दाखवून कर वाचवल्याचा आणि दान केलेल्या चित्रांवर सवलत घेतल्याचा वाद होता. मंदी सर्वांत खोल जात असताना त्यांनी सोव्हिएत सरकारकडून हर्मिटाज संग्रहालयातील २१ चित्रे सुमारे ६६ लाख डॉलरला घेतली होती. पिट्सबर्गच्या ज्युरीने फौजदारी खटला चालवण्यास नकार दिला, पण करवसुलीचे प्रकरण चालू राहिले. ते सुरू असतानाच त्यांनी आपला चित्रसंग्रह आणि त्यासाठी इमारत राष्ट्राला देऊ केली. २६ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी निकाल लागला. काही कर देणे निघाले, पण फसवणुकीच्या आरोपातून ते मुक्त झाले.

आज ही कहाणी का महत्त्वाची?

रोनाल्ड रेगन यांच्या १९८१ च्या करकपातीचे समर्थन करणाऱ्यांनी मेलन यांचाच दाखला दिला होता. २०१७ च्या कपातीवेळी तोच वाद पुन्हा झाला. मेलन यांच्या काळाकडे पाहता दर अतिशय चढे असतील तर पैसा पळवाटा शोधतो, हे त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पण पळवाट ठरलेल्या करमुक्त रोख्यांची सवलत शेवटपर्यंत तशीच राहिली आणि दर मात्र उतरले. चांगल्या वर्षांत वाचलेला पैसा धनिकांकडे राहिला. वाईट वर्षांत सरकारने हात पसरला तो पेट्रोल पंपावर आणि टपाल कचेरीत.

मेलन यांनी दिलेली नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट १७ मार्च १९४१ रोजी वॉशिंग्टनमध्ये खुली झाली. तिला आपले नाव देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. तिथे आजही प्रवेश मोफत आहे. कर गोळा झाला असता तर त्यातून चित्रे घ्यायची, सैनिकांचा बोनस द्यायचा की शेतकऱ्याचे धान्य विकत घ्यायचे, हे काँग्रेसने ठरवले असते. देणगीच्या बाबतीत तो निर्णय एकट्या मेलन यांनी घेतला.