क्नूट रॉकनी : सहायक ते प्रशिक्षक

प्रस्तावना

चरित्र वाचताना आपली दृष्टी सहसा नायकाच्या यशावर खिळते. तो कोणाच्या हाताखाली शिकला, दुय्यम पदावर त्याने काय केले, हे प्रश्न मागे पडतात. या पाठात आपण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक क्नूट रॉकनी यांचा जीवनपट पाहणार आहोत. प्रमुख प्रशिक्षक होण्यापूर्वी ते चार वर्षे सहायक होते. त्या चार वर्षांचे त्यांच्या आयुष्यातील स्थान आपण विशेष लक्षात घ्यावे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवर खेळला जाणारा पायचेंडू नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात किंवा फेकतात आणि प्रतिस्पर्धी धावणाऱ्याला अडवून खाली पाडतात. चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास नियमांनी १९०६ मध्ये मान्यता दिली.

जडणघडण

रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील व्हॉस या गावी झाला. वडील बग्ग्या बनविणारे कारागीर होते. १८९३ मध्ये हे कुटुंब शिकागोला आले. त्याच वर्षी तेथे भरलेले जागतिक प्रदर्शन आपल्याला स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे परिचित आहे. घरची परिस्थिती बेताची असल्याने रॉकनी यांनी शिकागोच्या टपाल खात्यात काही वर्षे नोकरी केली, पैसे साठविले आणि १९१० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात प्रवेश घेतला. सहाध्यायी त्यांच्यापेक्षा लहान होते. विद्यापीठ कॅथलिक, तर ते स्वतः प्रॉटेस्टंट. नोकरी करून उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या माणसाचा संकोच आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. रॉकनी यांनी तो अभ्यासाने आणि खेळाने दूर केला. रसायनशास्त्रात त्यांनी उत्तम गुण मिळविले आणि १९१३ मध्ये ते संघाचे कर्णधार झाले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते आणि त्यांचे मित्र गस डोरे सीडर पॉइंट येथे काम करीत होते. फावल्या वेळात तेथील किनाऱ्यावर त्यांनी चेंडू फेकण्या-झेलण्याचा सराव केला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला नोटर डेमने ३५–१३ असे हरविले, त्यामागे हा सराव होता. ही फेक त्यांनी शोधून काढली, असा समज रूढ आहे. तो खरा नाही. इतर संघ ती आधीपासून वापरीत होते. या सामन्याने तिची ताकद देशाला दाखविली, इतकेच.

सहायकाची चार वर्षे

१९१४ मध्ये पदवी मिळाल्यावर रॉकनी यांच्यापुढे दोन वाटा होत्या. नोटर डेममध्ये फादर ज्यूलियस न्यूलंड हे थोर रसायनतज्ज्ञ होते. पुढे त्यांच्याच संशोधनातून कृत्रिम रबराची वाट खुली झाली. त्यांच्या हाताखाली रॉकनी रसायनशास्त्र शिकवू लागले, आणि त्याच वेळी प्रमुख प्रशिक्षक जेसी हार्पर यांचे सहायक झाले. त्याच वर्षी बॉनी स्काइल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिवसा प्रयोगशाळा आणि नंतर मैदान असा त्यांचा क्रम होता.

सहायकाचे काम डोळ्यांत भरणारे नसते. खेळाडूंकडून एकच हालचाल पुन्हापुन्हा घोटून घ्यायची, चुका हेरायच्या; विजय मात्र प्रमुखाच्या नावावर नोंदला जातो. परंतु शिक्षण येथेच होते. हार्पर हे शिकागोचे नामवंत प्रशिक्षक स्टॅग यांचे शिष्य होते. चेंडू खेळात येण्यापूर्वी मागच्या फळीने एका तालात जागा बदलण्याची युक्ती त्यांनी स्टॅग यांच्याकडून आणली. रॉकनी यांनी ती हार्पर यांच्याकडून घेतली आणि पुढे परिपूर्ण केली. १९१७ च्या हंगामानंतर हार्पर कॅन्सासमधील कुटुंबाची गुरे आणि कुरणे सांभाळण्यासाठी निवृत्त झाले. आपल्या जागी त्यांनी रॉकनी यांचीच शिफारस केली.

कीर्ती आणि चूक

१९१८ ते १९३० या तेरा हंगामांत रॉकनी यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडविले. १९२४ चा संघ अपराजित राहिला. १९२९ मध्ये पायाच्या विकाराने ग्रासले असताना त्यांनी चाकाच्या खुर्चीतून मार्गदर्शन केले.

तरीही चरित्र म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. १९२६ मध्ये कार्नेगी टेकचा संघ दुबळा समजून रॉकनी यांनी आपला संघ सहायक हार्टली अँडरसन यांच्यावर सोपविला आणि स्वतः शिकागोला दुसरा सामना पाहण्यास गेले. नोटर डेम १९–० असे हरले. त्या हंगामात तोवर संघ अपराजित होता. दोष सहायकाचा नव्हता. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखण्याची ही प्रमुखाची चूक होती. दिवंगत खेळाडू जॉर्ज गिप यांची अंतिम इच्छा रॉकनी यांनी १९२८ मध्ये संघाला सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे, परंतु तिच्या सत्यतेविषयी अभ्यासक साशंक आहेत. चरित्र वाचताना दंतकथा आणि पुरावा यांतील हा भेद आपण जपला पाहिजे.

अखेर

३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सासमधील बझार गावाजवळ विमान कोसळून रॉकनी यांच्यासह आठ जणांचा मृत्यू झाला. ते त्रेचाळीस वर्षांचे होते. विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला होता. या दुर्घटनेने जनमत ढवळून निघाले आणि प्रवासी विमाने धातूची असावीत या मागणीस बळ आले.

रिकाम्या जागी कोण आले, हे लक्षणीय आहे. हार्पर क्रीडासंचालक म्हणून परतले, तर संघाची धुरा १९२६ चा पराभव पाहिलेल्या अँडरसन यांच्याकडे गेली. ज्यांचे रॉकनी सहायक होते ते, आणि जे रॉकनी यांचे सहायक होते ते, असे दोघे मिळून त्यांची संस्था सांभाळू लागले. सहायकपद ही केवळ वरच्या पदाची पायरी नसते. परंपरा पुढे नेणारा तो दुवा असतो, हे या चरित्रातून आपल्या ध्यानी येईल.

स्वाध्याय

१. रॉकनी यांच्या जडणघडणीत हार्पर यांचा वाटा स्पष्ट करा.
२. १९२६ च्या पराभवाचा प्रसंग चरित्रात का असावा, ते सकारण लिहा.
३. आपल्या परिचयातील एखाद्या सहायकाचे शब्दचित्र रेखाटा.