हिप्परग्याचे हेडमास्तर

हॉस्टेलवर लाईट गेली की गच्चीवर एकच वाद रंगायचा. देशाला कडक शिस्तीचा एकच माणूस पाहिजे, तोंड उघडायची मोकळीक नसली तरी चालेल, पण पाणी, रस्ते, नोकरी सगळं जागच्या जागी पाहिजे. मी पण त्याच पार्टीचा! सिव्हिलवाला ना, उदाहरण तयार असायचं : निजाम. 1908 साली मुसी नदीला महापूर आला, विश्वेश्वरय्यांकडून योजना करून घेतली, 1920 मध्ये उस्मानसागर झाला, मग हिमायतसागर. स्वतःची रेल्वे, स्वतःचं नाणं, 1918 पासून स्वतःचं विद्यापीठ. आणखी काय पाहिजे?

मॅगझिनसाठी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी स्वामी रामानंद तीर्थ घेतले. खरं सांगतो, 17 सप्टेंबरच्या भाषणांत दरवर्षी ऐकलेलं नाव, सोपं पडेल असं वाटलं. पण वाचत गेलो आणि माझी पार्टी अडचणीत आली.

मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातलं सिंदगी. शिकले सोलापूर, अमळनेर, पुणे इथे. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. आता अशा माणसाने मोठ्या शहरात बस्तान बसवायचं की नाही? हे गृहस्थ 1929 मध्ये आले हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत! म्हणजे आमच्या मुरुमच्या शेजारच्या लोहारा तालुक्यात, निजामाच्या हद्दीत. तिथे हेडमास्तर झाले आणि तिथेच त्यांनी संन्यास घेतला.

त्या राज्यात धरणं होती, पण सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. गश्ती निशाण 53 नावाचं फर्मानच होतं. खाजगी शाळेला परवानगी, तालमीलाही परवानगी. वरचं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी नाहीतर कानडी बोलणाऱ्या आमच्याकडच्या पोराने काय करायचं? उस्मानिया विद्यापीठाचं कौतुक करताना हा मुद्दा मी सोयीस्कर विसरलो होतो.

हिप्परग्याहून स्वामीजी अंबाजोगाईच्या शाळेत गेले. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली. (परीक्षेच्या आधीच नापास!) त्यांनी सत्याग्रह केला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बंदी उठली ती 1946 मध्ये. 15 ऑगस्ट 1947 ला देश झेंडावंदन करत होता, तेव्हा हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजींना अटक झाली. मध्ये थोडे दिवस बाहेर, पुन्हा आत. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला आणि स्वामीजी सुटले.

पुढची गोष्ट भाषणांत येत नाही. त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सुंदरलाल समितीने सर्वात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यात आपला उस्मानाबाद म्हणजे आताचा धाराशिव होता. स्वामीजींचा लढा कुठल्या धर्माशी नव्हता, एकतंत्री राजवटीशी होता. म्हणून तर हे पान वाचताना जास्त टोचतं. स्वातंत्र्य आलं ते असं, हात रक्ताने भरलेले.

स्वामीजी मुख्यमंत्री झाले नाहीत. 1952 ला गुलबर्ग्याहून, 1957 ला औरंगाबादहून खासदार झाले. ज्या हैदराबाद राज्यासाठी जेल भोगली, त्याचे भाषेप्रमाणे तुकडे व्हावेत असा आग्रहही त्यांनीच धरला, आणि 1956 ला ते झाले. 22 जानेवारी 1972 ला ते हैदराबादेत वारले. नांदेडचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे.

त्याच वर्षी मराठवाड्यात तो मोठा दुष्काळ पडला. आमचे आजोबा तेव्हा तरणे होते, रस्त्यावर खडी फोडायला होते. दिवाळीत त्यांना मुद्दाम विचारलं, की अण्णा, असल्या स्वराज्यापेक्षा निजाम बरा नव्हता का? ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग उमरग्याला तहसीलवर काम मागायला मोर्चा नेला होता, त्याचं सांगत सुटले. जाताना भाकरी कुणी बांधून दिली, साहेब कसा मागच्या दाराने गेला, सगळं आठवतंय त्यांना. मोर्चाला परवानगी घेतली होती का, ते काही आठवेना.