सॅम्युएल कोल्ट : चक्र, खिट्टी आणि खाच

रिव्हॉल्व्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला इन्स्पेक्टर उभा राहतो. पण मित्रांनो, थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरला बसणाऱ्याने या वस्तूकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला हवं. सायकलचे पेडल मारायचे थांबलो की मागच्या फ्री-व्हीलमधून कट्‌कट् आवाज येतो ना? ती रॅचेट आणि पॉलची करामत. हीच जोडी मुठीत मावणाऱ्या यंत्रात बसवून जगाचा इतिहास बदलणारा माणूस म्हणजे सॅम्युएल कोल्ट.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. आई लहानपणीच गेली, वडिलांचा धंदा बसला. शाळेत याचं लक्ष पुस्तकापेक्षा दारूगोळ्याच्या प्रयोगांत जास्त. शेवटी वैतागून वडिलांनी त्याला १८३० मध्ये जहाजावर पाठवलं. गंमत म्हणजे ते जहाज निघालं होतं आपल्या कलकत्त्याला! या सफरीत जहाजाचं फिरतं चक्र बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. कोणी म्हणतं नांगर ओढायचा रहाट बघून. काहीही असो, सोळा वर्षांच्या या पोराने जहाजावर लाकूड कोरून एक मॉडेल केलं.

परत आल्यावर खिशात दमडी नाही. मग हा पठ्ठ्या 'कलकत्त्याचा डॉक्टर' बनून गावोगाव लोकांना लाफिंग गॅस हुंगवायचे खेळ करू लागला. तिकिटाच्या पैशांतून कारागिरांकडून नमुने बनवून घेतले. १८३५ मध्ये इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं.

फिरत्या सिलिंडरची बंदूक त्याच्या आधीही होती, पण ते सिलिंडर बहुधा हाताने फिरवावं लागे. कोल्टने जमवलं ते टाइमिंग. घोडा मागे ओढला की तीन गोष्टी क्रमाने घडतात. आधी खालची खिट्टी सिलिंडरच्या खाचेतून बाहेर येते. मग घोड्याला जोडलेला पॉल मागच्या रॅचेटचा एक दात ढकलतो. सहा गोळ्यांचं सिलिंडर असेल तर ते बरोबर ६० अंश फिरायला हवं. आणि घोडा पूर्ण मागे पोहोचता पोहोचता खिट्टी पुढच्या खाचेत बसून सिलिंडर पक्कं धरते. एकाच ओढीत तिन्ही कामं.

हा क्रम बिघडला तर यंत्र स्वतःच सांगतं, फक्त वाचता आलं पाहिजे. पॉलचं टोक झिजलं की सिलिंडर थोडं अलीकडेच थांबतं. घोडा झटक्यात ओढला तर जडत्वाने ते पुढे सरकतं आणि दोष लपतो. सावकाश ओढला की लगेच पकडला जातो. खाचेची कड ठोकल्यासारखी चेपली असेल तर समजावं, कोणीतरी सारखा जोरात घोडा ओढतोय आणि फिरत्या वजनाचा सगळा धक्का त्या कडेवर बसतोय. सिलिंडरभोवती गोल रेघ उमटली असेल तर खिट्टी वेळेआधी वर येऊन घासते आहे. पण थांबा! पुढच्या काळातल्या काही कंपन्यांच्या रचनेत खिट्टी मुद्दामच लवकर वर येते, तिथे ही रेघ अगदी नॉर्मल. म्हणजे खूण तीच, अर्थ वेगळा. आधी ड्रॉइंग समजून घ्या, मग निदान करा. कारण सिलिंडर आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळीचं शिसं नळीच्या तोंडाशी खरवडून फटीतून बाहेर उडतं, आणि इजा चालवणाऱ्याला किंवा शेजारच्याला होते.

इतकी नाजूक जुळणी हाताने करायची तर खर्च किती? पॅटरसन गावातला कोल्टचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. पिस्तूल महाग, लष्कराला भरवसा नाही. पाच वर्षांनी मेक्सिकोच्या युद्धात कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या सूचनांनुसार त्याने दोन किलो वजनाचं नवं मॉडेल केलं आणि सरकारने एक हजारांची ऑर्डर दिली. त्यातली काही सिलिंडरं दारूच्या दाबाने फुटली. कोल्टने पुढच्या मॉडेलमध्ये दारू कमी केली.

आता त्याने एलिशा रूट नावाच्या इंजिनिअरला गाठलं. रूटने प्रत्येक भागासाठी वेगळं मशीन, वेगळी जिग, वेगळी गेज उभी केली. १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात कोल्टचा माल गाजला, १८५३ मध्ये लंडनलाच कारखाना निघाला, १८५५ मध्ये हार्टफर्डचा भव्य कारखाना उभा राहिला. कोणताही भाग कोणत्याही पिस्तुलाला बसतो ही त्याची जाहिरात मात्र पूर्ण खरी नव्हती. शेवटचा हात कानशीचाच असायचा, म्हणून एका पिस्तुलाच्या भागांवर एकच नंबर ठोकलेला असे. तरी त्या शॉप फ्लोअरवर पिढी घडली. विमानांच्या इंजिनांमुळे आपल्याला माहीत असलेल्या प्रॅट अँड व्हिटनी या नावातले प्रॅट आणि व्हिटनी दोघेही कोल्टकडेच काम करून शिकलेले!

कोल्टची दुसरी बाजूही बघायला हवी. अमेरिकेत यादवी पेटणार हे दिसत असतानाही १८६१ च्या एप्रिलपर्यंत तो दक्षिणेकडच्या राज्यांना माल विकत होता, आणि युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेला. पुढच्याच जानेवारीत, १० तारखेला, तो ४७ व्या वर्षी गेला. त्याची पिस्तुलं त्याच्या हयातीतच आपल्याकडे पोहोचली होती. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अ‍ॅडम्सची रिव्हॉल्व्हर होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारलं. आपल्या विचुंब्यापासून त्यांचं शिरढोण फार लांब नाही. एकाच्या हाती सहा गोळ्यांचं यंत्र आणि दुसऱ्याला साधी बंदूकही परवान्याशिवाय नाही, हा फरक तिथल्या माणसांनी भोगलाय.

रॅचेटला हे कळत नाही. ते कोणाच्याही बोटाखाली ६० अंशच फिरतं. कळायला हवं ते बनवणाऱ्याला, आणि कोल्टने तो हिशेब कधी मांडलेला दिसत नाही. आपल्यातले बरेच जण उद्या काही ना काही बनवणार आहेत. कोल्टकडून टाइमिंग जरूर शिका, झिजेच्या खुणा वाचायला शिका. पण ती वस्तू कोणाच्या हातात जाणार, हा प्रश्न ड्रॉइंग शीटवर पहिली रेघ मारण्याआधी स्वतःला विचारा.