चुंबकाच्या सुईचा पहारेकरी : नानाभाई मूस

नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी मात्र त्या गोंधळातही चुंबकाची वाचने वहीत लिहून ठेवली. पुढे त्याच वेधशाळेची जबाबदारी नानाभाईंवर येणार होती.

एडिंबरो येथे विज्ञानाचे उच्च शिक्षण घेऊन नानाभाई भारतात परतले. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

थोड्याच वर्षांत एक संकट उभे राहिले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांचा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपला असता, तर नाजूक चुंबके सतत हलली असती आणि १८४६ पासून चालत आलेल्या नोंदी निरुपयोगी ठरल्या असत्या. शहराला ट्राम हवी होती आणि विज्ञानाला शांत जागा. नानाभाईंनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींची सांगड घालता आली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा नोंदींची साखळी सुरक्षित होती.

१९१० साली त्यांनी साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास दोन खंडांत प्रसिद्ध केला. अनेक चुंबकीय वादळांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर त्यांना एक ठरावीक क्रम दिसला : क्षेत्र आधी थोडे वाढते, मग झपाट्याने घटते आणि नंतर हळूहळू पूर्ववत होते.

या घटीचे कारण पुढे कळले. वादळात पृथ्वीभोवती अडकलेले प्रोटॉन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकतात. त्यातून पृथ्वीभोवती विजेचे एक कडे तयार होते आणि ते विषुववृत्ताजवळचे चुंबकीय क्षेत्र कमी करते. आज शास्त्रज्ञ या कणांचे मार्ग संगणकावर मांडतात, कारण अशा वादळांपासून उपग्रह, रेडिओ आणि वीजवाहिन्या सांभाळायच्या असतात. पण संगणकाचे उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला जमिनीवरच्या खऱ्या नोंदीच लागतात. १८५९ चे वादळ किती मोठे होते याचा अंदाज बांधतानाही शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या जुन्या वह्यांचा आधार घेतला.

नानाभाई १९३६ साली वारले. पृथ्वीभोवतीचे कणांचे पट्टे उपग्रहांनी शोधले ते १९५८ मध्ये. आपण जपलेल्या आकड्यांमागचे पूर्ण कारण त्यांना पाहता आले नाही. पण पहारा देणारा जवान पुढे काय घडणार हे माहीत नसतानाही आपली जागा सोडत नाही. नानाभाईंनीही ती सोडली नाही. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेत आहे.