निळ्या दाताचा राजा हॅराल्ड

हल्ली बहुतेक घरांत मोबाइल असतो, अनेक घरांत संगणक असतो, आणि तारेवाचून गाणे ऐकविणारी लहानमोठी यंत्रेही असतात. या यंत्रांवर वा त्यांच्या वेष्टनावर निळ्या लंबगोलात पांढऱ्या रेषांची एक आकृती दिसते. मध्ये उभी रेघ, तिच्या उजव्या अंगास दोन त्रिकोण आणि डाव्या अंगास दोन तिरप्या फांद्या, असे तिचे रूप आहे. कोणास तिच्यात इंग्रजी ‘बी’ दिसतो, कोणास फुलपाखरू दिसते, तर कोणास ती दोऱ्याची गाठ वाटते. पहिला तर्क सत्याच्या बराच जवळ आहे. परंतु ते अक्षर इंग्रजी नव्हे. ते हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या नावातील अक्षर आहे, आणि ते एकटे नसून त्यास दुसरे एक अक्षर जोडलेले आहे. त्या राजाचे चरित्र कळल्यावाचून या चिन्हाचा उलगडा होत नाही. म्हणून ते चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. जटलंड हे द्वीपकल्प आणि त्याच्या पूर्वेकडील अनेक बेटे मिळून तो झाला आहे. दहाव्या शतकात तेथील लोक कुशल दर्यावर्दी म्हणून प्रसिद्ध होते. व्यापार करावा, आणि संधी मिळताच परक्या किनाऱ्यांवर लूटही करावी, असा त्यांच्यापैकी कित्येकांचा क्रम असे. इतिहासात त्यांना व्हायकिंग म्हणतात. थोर, ओडिन इत्यादी प्राचीन देवतांचे ते उपासक होते. जटलंडातील येलिंग या गावी गोर्म नावाचा राजा राज्य करीत असे. त्याच्या राणीचे नाव थीरा. या दांपत्याचा पुत्र हॅराल्ड हाच आमचा चरित्रनायक होय.

राणी थीरा पतीच्या आधी निवर्तली. गोर्मने तिच्या स्मरणार्थ येलिंग येथे एक शिळा उभी केली. पुढे इ. स. ९५८ च्या सुमारास गोर्मही मरण पावला. हे वर्ष त्याच्या समाधीच्या टेकाडातील लाकडांची वलये मोजून संशोधकांनी ठरविले आहे. हॅराल्डने पित्यास जुन्या धर्माच्या रीतीने, मातीचा प्रचंड ढीग रचून मूठमाती दिली आणि तो सिंहासनावर बसला.

त्या काळी डेन्मार्कच्या दक्षिणेस जर्मनांचे बलाढ्य ख्रिस्ती साम्राज्य होते. मूर्तिपूजक शेजाऱ्यावर चाल करून जाण्यास धर्माचे निमित्त सहज मिळे. अशा वेळी, इ. स. ९६५ च्या सुमारास, हॅराल्डने ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. याविषयी विडुकिंड नावाच्या समकालीन ग्रंथकाराने एक कथा दिली आहे. ख्रिस्त हा इतर देवांहून श्रेष्ठ की कसे, असा वाद राजाच्या मेजवानीत निघाला. पोप्पो नावाच्या धर्मगुरूने श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी तापून लाल झालेले लोखंड हाती धरले, आणि त्याच्या हातास इजा झाली नाही, हे पाहून राजाचे मन वळले. कथेचा भाग कथेवर सोडला, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. श्रद्धा आणि राजनीती यांचे धागे या निर्णयात एकत्र विणलेले होते.

धर्मांतरानंतर हॅराल्डने येलिंग येथे दुसरी शिळा उभारली. ती सुमारे अडीच मीटर उंच व दहा टन वजनाची आहे. तिच्या एका बाजूस लेख, दुसऱ्या बाजूस सर्पाने वेढलेला एक बलवान पशू, आणि तिसऱ्या बाजूस हात पसरलेला ख्रिस्त कोरलेला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. तो लेख फार विस्तृत आहे. हॅराल्डचा लेख अगदी आटोपशीर आहे. आपण ही शिळा पिता गोर्म व माता थीरा यांच्या स्मरणार्थ उभारली, आपण अवघा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला व डेन लोकांना ख्रिस्ती केले, एवढाच त्याचा आशय आहे. या शिळेस डेन्मार्कचा जन्मदाखला असे म्हणतात. इ. स. १९९४ मध्ये येलिंगच्या या स्मारकांचा जागतिक वारशात समावेश झाला.

राजाने आपली कीर्ती आपणच दगडावर कोरविली, तर तिच्यावर विश्वास किती ठेवावा? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावा. सुदैवाने येथे जमिनीच्या पोटातून निघालेला पुरावा साक्षीस उभा आहे. इ. स. ९८० च्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या भागांत तंतोतंत वर्तुळाकार दुर्ग बांधले गेले. त्यांपैकी ट्रेलेबोर्ग या दुर्गाचा आतील व्यास १३६ मीटर आहे. चार दिशांना चार दरवाजे, आणि आत चार चौकांत मिळून सोळा लांबलचक घरे, अशी त्याची आखणी होती. दूरदूरच्या दुर्गांची आखणी एकाच पद्धतीची असावी, याचा अर्थ त्यांमागे आज्ञा देणारा एकच होता. त्याच सुमारास येलिंगच्या दक्षिणेस, राव्हनिंग येथील दलदलीवर ७६० मीटर लांब व पाच मीटर रुंद असा ओकच्या लाकडाचा पूल उभा राहिला. दक्षिण सीमेवरील डानेव्हिर्के या जुन्या तटबंदीतही त्याच्या कारकिर्दीत भर पडली. विखुरलेला मुलूख एका सत्तेखाली आणण्याची त्याची धडपड या कामांतून दिसते.

नॉर्वेविषयीचा दावा मात्र तितका भक्कम नाही. इ. स. ९७० च्या सुमारास हाकोन या सरदारास हाती धरून हॅराल्डने तेथे आपले वर्चस्व स्थापिले, पण हाकोन फार काळ त्याच्या आज्ञेत राहिला नाही. जर्मन सम्राट दुसरा ओटो याच्याशी इ. स. ९७४ मध्ये युद्ध झाले, त्यात हॅराल्डचा पराभव होऊन दक्षिण सीमेवरचा मुलूख त्यास गमवावा लागला. नऊ वर्षांनी, इ. स. ९८३ मध्ये, सम्राट इटलीतील संकटांत गुंतला असता त्याने तो परत मिळविला.

परंतु खरा घाव बाहेरच्या शत्रूचा नव्हता. इ. स. ९८६ च्या सुमारास त्याचा पुत्र स्वेन याने बंड केले. दुर्ग, पूल व तटबंदी यांच्या कामांचा बोजा प्रजेस जड झाला असावा, असे काही इतिहासकारांचे अनुमान आहे. कारण काहीही असो, अवघा देश जोडणाऱ्या राजास स्वतःच्या मुलाविरुद्ध शस्त्र धरावे लागले. तो जखमी झाला आणि बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्लाव्ह लोकांच्या आश्रयास गेला. त्याची राणी तोवे ही त्याच लोकांतील एका राजाची कन्या होती. तेथेच त्याचा अंत झाला. त्याचा देह रॉस्किल्ड येथे त्यानेच बांधविलेल्या चर्चमध्ये पुरण्यात आला, असे जुने इतिहासकार सांगतात. पुढे स्वेनने इ. स. १०१३ मध्ये इंग्लंड जिंकले आणि नातू कनूट हा तेथील राजा म्हणून विख्यात झाला. पित्याने बांधलेल्या पायावरच पुत्राची इमारत उभी राहिली.

हॅराल्डचे ‘निळा दात’ हे उपनाव त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेल्या एका बखरीत प्रथम आढळते. त्या जुन्या भाषेत निळ्यासाठी जो शब्द आहे, तोच काळपट रंगासही लावीत. त्यावरून राजाचा एखादा दात किडून काळवंडला असावा, असा अर्थ सामान्यतः करतात. याच उपनावाचे इंग्रजी रूप म्हणजे ‘ब्लूटूथ’.

आता हे नाव यंत्रांकडे कसे आले ते पाहू. विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळच्या यंत्रांना तारेवाचून, रेडिओलहरींनी जोडण्याचे प्रयत्न अनेक कंपन्या करीत होत्या. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत हे काम इ. स. १९९४ पासून चालू होते. प्रत्येकाची पद्धत निराळी राहिली असती, तर एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी बोलू शकले नसते. म्हणून सर्वांनी एकच पद्धत ठरवावी, असा विचार पुढे आला. इंटेल कंपनीचे अभियंते जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्यात इ. स. १९९७ मध्ये इतिहासाच्या गप्पा निघाल्या. मॅटिसन यांनी फ्रान्स बेंगट्सन यांच्या व्हायकिंगांवरील एका स्वीडिश कादंबरीची शिफारस केली. तिच्यात हॅराल्ड राजाही येतो. पुढे कार्डाक यांनी येलिंगच्या शिळेविषयीही वाचले. ज्याने विखुरलेले लोक एकत्र आणले, त्याचे नाव या जोडकामास शोभेल, असे त्यांना वाटले. हे नाव तात्पुरतेच होते. पण योजलेल्या दुसऱ्या नावांत अडचणी निघाल्या आणि इ. स. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आय.बी.एम. व तोशिबा यांच्या मंडळाने तेच नाव जगापुढे आणले.

चिन्हाचा उलगडा आता सोपा आहे. येलिंगचे लेख ज्या लिपीत आहेत, तिला रून लिपी म्हणतात. त्या काळी तिच्यात अवघी सोळा अक्षरे होती. ‘ह’ या ध्वनीचे अक्षर म्हणजे उभ्या रेघेस छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा. त्याचे नाव ‘हागल’, म्हणजे गारा. ‘ब’ या ध्वनीचे अक्षर म्हणजे उभ्या रेघेच्या उजवीकडे दोन टोकदार त्रिकोण. त्याचे नाव बर्च वृक्षावरून पडले आहे. ज्याच्या सालीस आपण भूर्जपत्र म्हणतो, त्याच कुळातील हा वृक्ष. आपण जोडाक्षरे लिहितो, तशी ही दोन अक्षरे एकाच उभ्या रेघेवर बसविली, की मोबाइलवरील ती आकृती तयार होते. ती हॅराल्ड ब्लूटूथच्या नावाची आद्याक्षरे आहेत.

हा मान या राजास शोभतो काय? त्याचे वर्तुळाकार दुर्ग लवकरच ओस पडले, पुलाचा उपयोगही फार काळ झाला नाही, आणि नॉर्वे त्याच्या हातून निसटला. पुत्राशी असलेला दुवा तर त्याच्या डोळ्यांदेखत तुटला. तरीही डेन्मार्क हे एक राष्ट्र म्हणून टिकले, आणि आज त्याचे लोक आपल्या इतिहासाचा आरंभ त्याच्या शिळेपाशी शोधतात. जोडण्याचे काम एकदा करून भागत नाही; देश असो वा कुटुंब, तेथील दुवा रोज जपावा लागतो, हा धडा त्याच्या यशातून आणि अपयशातूनही मिळतो. आपल्या हातातील यंत्रे एकमेकांशी क्षणात जोडली जातात. माणसे जोडण्यास मात्र याहून पुष्कळ अधिक धीर लागतो, आणि तो धीर अंगी बाणविण्याचे वय विद्यार्थिदशेचेच होय, असे आम्हांस वाटते.