मिरजेचे डॉक्टर वान्लेस

दहा रुपयांच्या दाव्यात उभे राहावयाचे तरी वकिलाला सनद लागते. मग ज्याच्या हाती मनुष्याचा प्राण सोपवावयाचा, त्याच्या ज्ञानाची परीक्षा कोणी घ्यावयाची? जपानने हा प्रश्न वेळीच ओळखला. १८७४ साली त्याने वैद्यकाचे नियम केले व १८८३ साली परीक्षा आणि परवाना यांची पद्धत दृढ केली. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९१२ साली. मिरज तर त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान; इलाख्याचा कायदा तेथे आपोआप लागू होणारा नव्हता. परंतु त्याच मिरजेत या कायद्याच्या पंधरा वर्षे आधी वैद्यकाची शाळा निघाली होती. ती काढणारे सर विल्यम जेम्स वान्लेस यांचे चरित्र याच कारणास्तव आम्हांस विचारार्ह वाटते.

वान्लेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस दवाखाना, पुढे मिरजेस बिऱ्हाड, आणि १८९४ साली तेथे रुग्णालय, असा त्यांच्या कार्याचा क्रम आहे. शस्त्रक्रियेत, विशेषतः मोतीबिंदू काढण्यात, त्यांचा हात असा बसला की दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे वान्लेसवाडी हे नाव या भूमीला कायमचे चिकटले. १९२८ साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली, व १९३३ साली अमेरिकेत त्यांचा अंत झाला.

तथापि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण १८९७ च्या शाळेत आहे. कुशल हात मालकाबरोबर जातो. शिकविलेली विद्या मागे उरते. हिंदी तरुणांच्या हाती शस्त्र देण्यास जो कचरला नाही, त्याने दानापेक्षा मोठी गोष्ट केली.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. रोग्याच्या असहायतेचा लाभ कोणत्याही धर्माने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु उपदेश नाकारता येतो, म्हणून विद्याही नाकारावी हा स्वाभिमान नव्हे. जपानने परक्यांची विद्या घेतली आणि ती आपल्या कायद्याने आपलीशी केली. मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघावयास मात्र १९६२ साल उजाडावे लागले. परक्या गृहस्थाने जे एकट्या मिशनच्या बळावर आरंभिले, ते करण्यास आम्हांस पासष्ट वर्षे लागली, ही गोष्ट आमच्या धनिकांनी मनाशी तोलून पाहावी.

कायदा नोंदवही ठेवील. डॉक्टर घडविणे व पारखून घेणे हे समाजाचे काम आहे. माप घेताना त्यावर सरकारी शिक्का आहे की नाही हे आमचा व्यापारी न चुकता पाहतो. घरी आजारी पडलेल्या मुलाला औषध देणाऱ्याची पदवी व नोंदणी विचारण्यास त्याने संकोच करू नये.